दुसरी रांग, डावीकडून तिसरी

४ फेब्रुवारी, शनिवार

ही वही झेनोंच्या हुकमावरून. कॉम्प्युटर माझ्या गाडीच्या मागच्या सीटवर ठेवताना त्याने मला शाळकरी मुलीसारखं समोर उभं केलं आणि म्हणाला, "एदमे, आवाजाचं दुखणं निघालं की घाबरायचं नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, आणि काय बदललं ते लिहून ठेवायचं. दोन गोष्टी एकदम बदलल्यास तर कशाने बरं झालं ते तुला कळणार नाही, मला कळणार नाही, आणि देव काही सांगायला येणार नाही."

झेनों चाळीस वर्षं मासेमारी बोटींवरचे रेडिओ दुरुस्त करत होता. निवृत्त झाल्यापासून दर शनिवारी वाचनालयाच्या तळघरात बसतो, लोकांनी टाकून दिलेल्या कॉम्प्युटरवर लिनक्स घालतो आणि आमच्यासारख्या पांढऱ्या केसांच्या मंडळींना देतो. आम्ही सातजण आहोत. काकवीची बिस्किटं आणायच्या पाळ्या लावलेल्या आहेत.

मला कॉम्प्युटर कशाला हवा तेही लिहून टाकते. शाळेत आम्हाला गाणं शिकवणाऱ्या सिस्टर ओगुस्तीन तेवीस एप्रिलला नव्वद वर्षांच्या होतील. आमच्या कॉन्व्हेंटच्या कॉयरमधल्या अकराजणी अजून गाऊ शकतात. कोणी माँक्टनला, कोणी मोंत्रेआलला, एक तर पार कॅलगरीला. सगळ्यांनी एका छताखाली येणं आता होणार नाही. म्हणून प्रत्येकीने आपापल्या घरी, आपल्या फोनवर, सिस्टरनीच बांधलेलं संध्याकाळचं गीत एकटीने गायचं आणि मला पाठवायचं. मी सगळे आवाज एकमेकांवर रचायचे, सुरुवातीला सगळ्यांची नावं वाचायची, आणि वाढदिवसाला मुख्य मठात जाऊन ते सिस्टरना ऐकवायचं.

हे काम कोरीनने माझ्याकडे दिलं. वरच्या सुराची पुढारी ती तेव्हाही होती, आताही आहे. फोनवर म्हणाली, "तुला गायचं नाहीच आहे, तर तू जोडणी कर. पोस्टातून निवृत्त झाल्यापासून तुला वेळच वेळ."

बरोबरच आहे. मी कॉयरमध्ये चार वर्षं होते, दुसरी रांग, डावीकडून तिसरी, पण गायले कधी नाही. पहिल्याच आठवड्यात सिस्टर माझ्याजवळ वाकून, अगदी मायेने म्हणाल्या होत्या, "एदमे, बाळ, तू नुसते ओठ हलव." मी अकरा वर्षांची होते. ही गोष्ट मी लग्नांत आणि वाढदिवसांत शंभर वेळा सांगितली असेन. लोक पोट धरून हसतात. मला त्याचं काही नाही.

संध्याकाळी कॉम्प्युटर लावला. झकास सुरू झाला. आवाज मात्र शून्य.

५ फेब्रुवारी, रविवार

सापडलं! मिस्साहून आले ती बूट न काढताच बसले. सेटिंगमध्ये आवाज कुठे पाठवायचा याची एक यादी असते. कॉम्प्युटर सगळा आवाज जाड वायरीतून स्क्रीनकडे धाडत होता, आणि आमच्या स्क्रीनला स्पीकरच नाहीत! बिचारा कालपासून जीव तोडून वाजवतोय, पण ज्याला तोंडच नाही त्याच्याकडे. यादीतली दुसरी ओळ निवडली आणि धाडकन कोरीनचा वरचा सूर स्वयंपाकघरभर झाला. आल्फेच्या हातातला डाव फ्रिकोच्या, म्हणजे आमच्या कोंबडीच्या रश्शाच्या, पातेल्यात पडला.

"कोरीन आली की काय घरात?"

"कॉम्प्युटरात आहे."

"मग तिथेच राहू दे तिला," माझा नवरा म्हणाला आणि डाव शोधू लागला.

चौसष्ट वर्षांच्या बाईने टाळ्या वाजवू नयेत. मी वाजवल्या.

बदल: एक.

११ फेब्रुवारी, शनिवार

हेडफोन लावले तर पुन्हा सामसूम. कॉम्प्युटर उचलून तळघरात नेला. "झेनों, हे चालत नाही," असं म्हणायची खोटी, त्याने पोलिसासारखा हात वर केला. "'चालत नाही' ही तक्रार झाली. मशीन काय म्हणालं ते सांग."

मग त्याने माझ्याकडून काळी खिडकी उघडवली, एक शब्द टाइप करवला, आणि समोर उभ्या नळ्या आल्या, मेणबत्त्यांच्या रांगेसारख्या. एकेक नळी म्हणजे आवाजाची एकेक वाट. हेडफोनच्या नळीखाली दोन एम जोडून लिहिलेले. "म्हणजे तोंड बंद," झेनों म्हणाला. "आता एमचं बटण दाब." मी दाबलं, आणि त्या दोन एमच्या जागी दोन शून्यं आली. मिटलेल्या दोन तोंडांनी एकदम 'ओ' केला! सिस्टर आम्हाला तोंडात अंडं ठेवल्यासारखा 'ओ' करायला लावत, अगदी तस्सा. मी इतकी हसले की वरून ग्रंथपाल बाई बघायला आल्या.

"पण बंद केलं कोणी?" मी विचारलं.

"कोणीतरी कधीतरी केलं असेल. आधीच्या मालकाने. मशीन सांगितलेलं विसरत नाही. 'उघड' असं कोणी म्हणेपर्यंत बंदच राहतं, वर्षानुवर्षं."

किती आज्ञाधारक असतात नाही ही यंत्रं.

२० फेब्रुवारी, सोमवार

परवापासून उपवासकाळ. यंदा मी साखर सोडणार आहे, आणि कॉम्प्युटरला शिव्या देणं.

स्क्रीनच्या डोक्यावर लेकीने दिलेला छोटा कॅमेरा बसवला आहे. त्याचा तो एकच डोळा सारखा माझ्याकडे बघतो, मला संकोच वाटतो. म्हणून त्याला जांभळ्या लोकरीचं टोपडं विणलं. कॉन्व्हेंटमध्ये ईस्टरच्या आधी सगळ्या पुतळ्यांवर जांभळी कापडं घालत, आणि आम्हा मुलींची पक्की समजूत होती की कापड पडलं की संत झोपतात. त्या दोन आठवड्यांत आम्ही चॅपलमध्ये खुशाल कुजबुजत असू.

आल्फे म्हणाला, "टोपडं झालं, आता बाप्तिस्म्याची तारीखही ठरव."

२४ फेब्रुवारी, शुक्रवार

नवीन हेडफोन आले, तोंडापुढे इवलासा माइक असलेले. कॉम्प्युटरच्या पुढच्या भोकात खोचले. कानांत आवाज सुरेख येतो. माइक मात्र मुका. रेकॉर्डचं लाल बटण दाबून मी अकरा नावं वाचली, पट्टीवर रेघ अगदी सपाट आली. ऐकून पाहिलं तर लांबून समुद्राची गाज यावी तेवढंच काहीतरी.

झेनोंला फोन केला. "इनपुटच्या यादीत काय नाव आहे?" त्याने विचारलं.

"एकच नाव आहे. तेच निवडलंय."

"नाव वाच."

"अरे, एकच आहे तर वाचायचं काय त्यात? कसलेसे आकडे आहेत." नावात मध्येच 'कॅम' असंही होतं. कंपनीचं नाव असेल.

तो सुस्कारा टाकून म्हणाला, पुढच्या शनिवारी हेडफोन घेऊन ये.

२ मार्च, गुरुवार

आठ आवाज आले! कॅलगरीहून ओदीलचा आला, मागे तिचा कुत्रा. मेनहून जर्मेनचा आला, तिने तर आधी आठ मिनिटं गुडघ्याच्या ऑपरेशनची हकिगत सांगितली आहे, ती मी कापली, पण तिला कळवणार नाही.

एकाखाली एक आठ पट्ट्या. आणि एकदम लावल्या तर! हेडफोन कानावर दाबून मी स्वयंपाकघरात बसले होते, पण खरं म्हणजे मी चॅपलच्या गॅलरीत होते. मेणाच्या पॉलिशचा वास, ओल्या लोकरी मोज्यांचा वास, सिस्टरच्या बाहीत खोचलेला रुमाल. पन्नास वर्षांनी त्याच मुली, फक्त श्वास जास्त लागतो आहे.

माइक हलतो का ते बघायला, आठही आवाज चालू ठेवून, रेकॉर्डचं बटण दाबून तसंच पूर्ण गीत ऐकत राहिले. रेघ सपाटच. जरा थरथरली, पण ती घरातली घरघर असणार. असं पाच-सहा वेळा केलं. रिकाम्या पट्ट्या पुसून पुसून कंटाळले; शेवटची तशीच राहू दिली. कोणाला टोचतेय ती, पार तळाला आहे, दिसतही नाही.

आल्फे शेडमधून सापळे रंगवून आला. लॉबस्टरच्या हंगामाला अजून दोन महिने आहेत, पण त्याला धीर नाही.

"दुपारी कोण आलं होतं?"

"कोणी नाही."

"बरं," म्हणाला, आणि माझ्याकडे बघून हसत हात धुवायला गेला. रंगाच्या वासाने त्याचं डोकं हलकं होतं.

४ मार्च, शनिवार

झेनोंने हेडफोनची दांडी डोळ्यांशी धरली. "तीन काळ्या रेघा! एदमे, ही फोनसाठीची दांडी आहे. कान आणि तोंड एकाच दांडीत. आणि तुझ्या मशीनचं पुढचं भोक नुसतं ऐकवतं, ऐकत नाही. ऐकणारं भोक मागे आहे, गुलाबी."

म्हणजे मी आठ दिवस एका बहिऱ्यापुढे नावांची माळ ओढत होते. कान आणि तोंड वेगळं करणारा एक दुतोंडी जोड मिळतो, तो झेनों मागवणार आहे.

१६ मार्च, गुरुवार

मी-कारेम! उपवासकाळाची मधली संध्याकाळ, आणि काय धमाल! आमच्या भागात ही रीत अजून टिकून आहे याचा मला दरवर्षी नव्याने आनंद होतो. चौघेजण दार ठोठावून आत आले. एक लांब नाकाची म्हातारी, एक घोडा, एक डॉक्टर आणि एक अवाढव्य नवरी, तोंडावर पडद्याचं कापड. खुर्च्यांवर बसून राहिले; कोण ते आपण ओळखायचं. बोलले तर श्वास आत ओढत बोलायचं, म्हणजे आवाज ओळखू येत नाही.

घोडा लगेच ओळखला. डॉक्टर आणि म्हातारीही पाच मिनिटांत. नवरी मात्र काही केल्या ओळखू येईना. आल्फेने तिला नाचायला लावलं, शिंकायला लावलं, लग्नाची मागणीही घातली.

"आधीची बायको आहे ना तुला?" नवरी श्वास ओढत म्हणाली.

"ती कॉम्प्युटरशी लग्न करून बसली आहे."

शेवटी आल्फेने टेबलावर दोन्ही हात टेकले. "हरलो! काढ मुखवटा." हार मानली की मुखवटा काढावाच लागतो. कापड वर झालं, आणि आत झेनों, मिशीसकट! नवरीच्या पिशवीतून त्याने एक पुडी काढून माझ्या हातात ठेवली. दुतोंडी जोड!

एवढं सुंदर आंदण मला माझ्या लग्नातही मिळालं नव्हतं.

१७ मार्च, शुक्रवार

जोड लावला, मागच्या गुलाबी भोकात. काळ्या खिडकीत माइकची नळी वर केली. "एक, दोन, तीन," म्हटलं आणि रेघेचा डोंगर झाला! अकरा नावं वाचली, एका दमात. स्वतःचं ऐकताना वाटलं, अरे, ही तर पोस्टाच्या खिडकीतली बाई.

बदल: एक. (दोन म्हणायचे का? जोड आणि भोक. झेनोंला विचारायला हवं.)

३० मार्च, गुरुवार

अकराही आवाज आले. आज सगळं जुळवलं. कोणाचा आवाज पिटुकला, कोणाचा ढणढणीत, म्हणून झेनोंने सांगितल्याप्रमाणे सगळ्या पट्ट्या एकदम निवडून एका उंचीला आणल्या. एक बटण, आणि सगळ्या बरोबरीच्या! शाळेत असं बटण असतं तर.

ऐकलं. काय सांगू. भरून आलं, घर भरून गेलं. खालचा सूर तर इतका दाट लागला आहे की मला आश्चर्यच वाटलं. कोरीनला पाठवून दिलं.

१ एप्रिल, शनिवार

सकाळी सातला कोरीनचा फोन.

"एदमे, किती आवाज आहेत यात?"

"अकरा."

"मी बारा मोजले."

आज एक एप्रिल, आमच्याकडे मासा चिकटवून फसवायचा दिवस. माझ्या पाठीवर कागदी मासा चिकटवायला तिला माँक्टनहून हात पुरत नाही, म्हणून हे. मी म्हटलं, "छान हं, फसले मी."

"मासा नाही गं! खरंच सांगते. तीनदा मोजले. खालच्या सुरात कोणीतरी आहे. आणि खरं सांगू? तिच्यामुळेच सगळं उभं आहे. ओदील नाही ती, ओदीलचा सूर कधीपासून घसरतो. कोण घातलीस तू?"

"मी कोणालाच घातलं नाही!"

"मग भूत आहे. शोध."

३ एप्रिल, सोमवार

पवित्र आठवडा सुरू आणि मी भूत शोधते आहे. देवा क्षमा कर, पण मजा येते आहे.

कोरीन खरं बोलत होती. बारावी आहे. पहिल्या ओळीच्या शेवटी बाकीच्या श्वास घेतात, तेव्हा ही एकटी सूर धरून ठेवते, निर्लज्जासारखी.

अकराजणींना फोन केले: गाताना तुझ्या मागे कोणी गात होतं का? जर्मेन म्हणाली, तिचा नवरा गातो पण तो मेला आहे. ओदील म्हणाली, कुत्रा.

५ एप्रिल, बुधवार

प्रतिध्वनी असेल म्हणून सेटिंगमधली प्रतिध्वनीची खूण काढली, पुन्हा ऐकलं, परत घातली. स्पीकर बदलले. दुसऱ्या दिवशी दुसरी गोष्ट. वहीची चार पानं भरली. भूत जागच्या जागी.

आल्फेला ऐकवलं. तो सगळं गीत ऐकून, बूट चढवत म्हणाला, "यात बिघडलंय काय?"

"जास्तीचा आवाज आहे, आल्फे!"

"मला तर ओळखीचा वाटतो," म्हणाला आणि शेडकडे निघून गेला. याच्याशी बोलण्यात अर्थ नाही.

८ एप्रिल, शनिवार

झेनों घरी आला. सगळं क्रमाने लिहिते.

त्याने खुर्ची ओढली, आणि एकेक पट्टी एकटी वाजवायला सुरुवात केली. असं करता येतं हे मला माहीतच नव्हतं. कोरीन. ओदील आणि कुत्रा. जर्मेन. नावं वाचणारी पोस्टाची बाई. मग तो खाली, आणखी खाली सरकला.

"ही कसली पट्टी?"

"ती रिकामी आहे. माइक तपासताना राहिली."

"रिकामी?" ती भरगच्च होती. त्याने बटण दाबलं.

आधी आमची किटली शिटी मारते. मग मागे कुठेतरी आल्फे ओरडतो, "माझे रबरी बूट कुठे आहेत?" आणि मग एक बाई गाऊ लागते. सणसणीत, उघड्या गळ्याने, एकटी, खालचा सूर, पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत.

हेडफोन कानावर असले की माणसाला कळत नाही आपण किती मोठ्याने गातो आहोत, हे मला झेनोंने नंतर सांगितलं. मी तर ओठच हलवत होते. मला खरंच वाटत होतं की मी ओठच हलवते आहे.

"पण माइक बंद होता!"

"हेडफोनचा बंद होता." झेनोंने हात वर केला आणि जांभळं टोपडं दोन बोटांनी उचललं. "याचा चालू होता. कॅमेऱ्याला कान असतात, एदमे. डोळे झाकले म्हणून कोणी बहिरा होत नाही. नाव वाच म्हणालो होतो ना मी तुला?"

लांबून आलेला बारीक आवाज, सगळ्या पट्ट्या सारख्या उंचीला आणल्या तेव्हा तोही उठून इतरांच्या बरोबरीला आला. एवढंच. सगळं सरळ आहे.

"पुसून टाक," मी म्हटलं.

"मी बिघाड दुरुस्त करतो," झेनोंने टोपी घातली. "हा बिघाड नाही. पुसायचं असेल तर तू पूस."

दारात आल्फे उभा होता. त्याला म्हटलं, "तुला माहीत होतं!"

"चाळीस वर्षं ऐकतोय. कपडे वाळत घालताना, पीठ मळताना. मला वाटलं, तुला माहीत आहे."

९ एप्रिल, ईस्टर

कोरीनला सांगितलं.

"तू?"

"मी."

"मग तुला चार वर्षं गप्प का बसवलं?"

हा प्रश्न मी कधी विचारलाच नव्हता. गोष्ट सांगताना मी नेहमी सिस्टरच्या वाकण्याची नक्कल करते, तिथे लोक हसतात, तिथेच गोष्ट संपते. आज मिस्सात सगळे गात होते आणि मला तोंड उघडता येईना. एवढा राग आला. आणि मग रागाची लाज वाटली. त्यांनीच मला हातात हात धरून अक्षर वळवायला शिकवलं. आई गेली तेव्हा आठवडाभर मला आपल्या शेजारी जेवायला बसवलं. नव्वदाव्या वाढदिवशी त्यांच्या कानाशी त्यांचीच चूक वाजवायची?

२१ एप्रिल, शुक्रवार

दोन फाइल केल्या. एक अकराजणींची, एक बाराजणींची. दोन्ही झेनोंने मठात न्यायला दिलेल्या लॅपटॉपवर शेजारी शेजारी आहेत. अकराचीच लावणार. ठरलं. त्या पट्टीवर फक्त म्यूट केलं आहे, पुसलेली नाही.

बाराचीही नेणार आहे. उगीच.

२३ एप्रिल, रविवार

सगळं लिहिते, एक शब्द गाळत नाही.

कोरीन काल रात्री मुक्कामाला आली, सकाळी आम्ही दोघी निघालो. मठातल्या आजारी सिस्टरांच्या भागात, खिडकीजवळच्या खुर्चीत सिस्टर ओगुस्तीन बसल्या होत्या. इतक्या लहान झाल्या आहेत! पण बाहीत रुमाल तसाच खोचलेला. कोरीनला त्यांनी लगेच ओळखलं, पाठ ताठ कर म्हणाल्या. मग माझ्याकडे पाहिलं.

"एदमे. तू माझ्या कॉयरमध्ये होतीस."

"हो, सिस्टर."

"कुठला सूर गायचीस तू?"

टोमणा नव्हता. त्यांना खरंच आठवत नव्हतं. पंचावन्न वर्षं होत आली, मी ती गोष्ट उराशी धरून फिरले, आणि ज्यांची ती होती त्यांच्याकडे तिचा मागमूस नव्हता. माझं बोट सरकलं आणि बाराची फाइल उघडली.

आवाज नाही! लॅपटॉप भिंतीवरच्या टीव्हीला जोडलेला होता. कोरीन म्हणाली, "आता गं?" मी यादी उघडली, दुसरी ओळ निवडली. सात सेकंद. झेनोंने बघायला हवं होतं.

नावं संपली आणि गीत सुरू झालं. सिस्टरनी डोळे मिटले. चादरीवरचा हात उठला आणि ताल देऊ लागला. संपल्यावर म्हणाल्या, "पुन्हा लाव."

दुसऱ्यांदा त्या बोटं मिटत गेल्या. "कोरीन, घाईत, नेहमीसारखी. जर्मेन, नाकात. ओदील, घसरली. आणि हे कुत्रं कोणी आणलं?" अकरा झाल्या, आणि बोट थांबलं. "ही कोण? खाली?"

कोरीनने तोंड उघडलं. सिस्टरनी तर्जनी वर केली, वर्गात करत तशी. "सांगायचं नाही. मी-कारेम आहे असं समज. पुन्हा लाव."

तिसऱ्यांदा लावलं. त्या पुढे झुकून ऐकत होत्या. पहिल्या ओळीच्या शेवटी, बाकीच्या श्वास घेताना ती एकटी सूर धरून राहिली, आणि सिस्टरच्या चेहऱ्यावर असं काही आलं की मला खिडकीकडे बघावं लागलं.

"नाही," त्या म्हणाल्या. "हा आवाज माझ्या हाताखालून गेला असता तर मी विसरले नसते. हरले. काढ मुखवटा, जी कोणी असशील ती."

हार मानली की मुखवटा काढावाच लागतो.

मी उभी राहिले. हेडफोन नव्हते, किटली नव्हती, कोणाचा आधार नव्हता. खालच्या सुराची पहिली ओळ गायले, आणि या वेळी मला ती ऐकू येत होती.

सिस्टरनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "दुसरी रांग," त्या हळूच म्हणाल्या.

"डावीकडून तिसरी."

"मी तुला काहीतरी सांगितलं होतं."

"हो, सिस्टर."

"काय ते?"

शंभर वेळा सांगितलेली गोष्ट. या वेळी मी वाकले नाही, नक्कल केली नाही. "नुसते ओठ हलव म्हणालात."

त्यांनी बाहीतला रुमाल काढला, उगीच हातात चुरगळला. "का म्हणाले असेन?"

"मी फार मोठ्याने गायचे."

"अजूनही मोठ्यानेच गातेस," सिस्टर ओगुस्तीन म्हणाल्या, आणि माझं मनगट पकडलं. त्या बोटांत अजून जोर आहे. "चूक माझी होती. कॉयर लहान होता, बाकीच्यांना वाढवायचं सोडून तुला कमी केलं. चल, उभी राहा, पुन्हा पहिल्यापासून. कोरीन, तू आता जरा ऐक."

आम्ही चार वेळा गायलो. केक तसाच राहिला. परत येताना गाडीत कोरीन शालर उपसागराकडे बघत म्हणाली, "एदमे, मला जरा खालचा सूर शिकवशील?"

घरी आले. आल्फे सापळे मोजत होता, त्याने नुसता माझा चेहरा वाचला. आत येऊन कॅमेऱ्याचं जांभळं टोपडं काढलं आणि खणात ठेवलं.

बदल: एक.